‘एथिकल फंड म्हणजे धूळफेक’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘एथिकल फंड ही शुद्ध धूळफेक आहे. परतावा कमी, आत तेच शेअर, आणि तुम्ही शेअर विकल्याने कंपनीचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा मिळेल तिथून कमवा आणि दान करा.’ हा संदेश भरपूर फिरतोय. (एथिकल फंड म्हणजे तंबाखू, तेल अशा उद्योगांतल्या कंपन्या टाळण्याचा दावा करणारा गुंतवणूक फंड.) त्यातलं एक विधान बरंचसं खरं आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीची खपतात.

परताव्याचं आधी उरकू. २०२२ मध्ये तेल महागलं तेव्हा तेल कंपन्या टाळणारे फंड मागे पडले. २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा त्यांनाच झळ कमी बसली. एका वर्षाचा आकडा दाखवून काहीही सिद्ध करता येतं. खरी गळती फंडाच्या खर्चात असते. वर्षाला एक टक्का जादा खर्च म्हणजे वीस वर्षांत जवळपास १८ टक्के रक्कम कमी. ‘एथिकल’ नावाखाली जादा आकारणी होत असेल तर तक्रार तिथे करा.

‘आत तेच शेअर’ हा आरोप मात्र नीट पाहायला हवा. ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार या निकषांवर कंपन्यांची पारख. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या एस अँड पी ५०० ईएसजी निर्देशांकातून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेल कंपनी एक्झॉन मोबिल राहिली. लोकांनी कपाळावर हात मारला. पण तो निर्देशांक कंपन्यांची तुलना त्यांच्याच उद्योगातल्या इतरांशी करतो. तेलवाल्यांमध्ये बरा तो आत. शिवाय ईएसजीची बरीच मानांकनं जगाचं नुकसान मोजतच नाहीत, कंपनीला असलेली जोखीम मोजतात. सहा मानांकन संस्थांच्या गुणांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात सरासरी सहसंबंध ०.५४ च निघाला (पूर्ण एकमत असतं तर तो १ असता). म्हणून मानांकन बाजूला ठेवून वगळण्याची अट वाचावी. मी वाचलेल्या एका माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ‘तंबाखू नाही’ होतं, आणि खाली बारीक टाइपात: तंबाखूपासून उत्पन्न ५ टक्क्यांहून अधिक असेल तरच कंपनी वगळणार. शंभर रुपयांतले चार तंबाखूचे असलेली कंपनी आत बसते. आता ही धूळफेक म्हणायची की सवलत, हे ज्याने त्याने ठरवावं. लपवलेलं मात्र काही नव्हतं.

शेअर विकण्याबद्दलचं ते विधान बरंचसं खरं. बाजारात तुमचा शेअर दुसरा कोणी घेतो, कंपनीच्या तिजोरीतून काही जात नाही. पण नवे रोखे निघतात तेव्हा पैसा थेट कंपनीकडे जातो, तिथे नकाराला वजन असतं. आणि शेअर हातात ठेवला तर कंपनीच्या सभेत मत देता येतं. २०२१ मध्ये ‘इंजिन नंबर वन’ या छोट्या फंडाकडे एक्झॉनचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर होते. मोठ्या गुंतवणूकदारांची साथ मिळवून त्याने संचालक मंडळाच्या तीन जागा जिंकल्या.

दान जरूर करा, कोणी अडवलेलं नाही. पण पैसा फंडात असेपर्यंत तुमच्या नावाने मत फंडच देतो. त्यामुळे मी फंडाचा मतदान अहवाल आधी उघडतो. तेल कंपन्यांच्या सभांत दरवर्षी व्यवस्थापनाच्याच बाजूने हात वर होत असेल, तर नावात ‘हरित’ असो वा ‘शाश्वत’, पुढचं पान मी वाचत नाही.