अँकर निवडताना घ्यावयाची काळजी

राजकारणावरचा विश्वास उडाला असं तुम्ही हल्ली चारचौघांत बोलू लागला असाल, तर अभिनंदन. पण तो असा उघड्यावर, कोणाच्या देखरेखीशिवाय उडू देऊ नका. भ्रमनिरास रीतसर व्हायला हवा आणि त्यासाठी आधी एक चांगला अँकर बघून ठेवायला हवा. मनातून नेता उतरला की ती जागा ताबडतोब भरा. रिकामी राहिली तर तिथे स्वतःचं मत येऊन बसण्याची भीती असते.

अँकर निवडताना त्याच्या बातम्या बघू नयेत. त्याला राग कशाचा येतो ते बघावं आणि तो आपल्या रागाशी जुळतो का, हे पडताळावं. लग्नाच्या पत्रिकेत ३६ पैकी १८ गुण जुळले तरी मंडळी समाधान मानतात. इथे ३६ च्या ३६ हवेत. समोरच्याला बोलणं पूर्ण करू देणारा, 'याला अजून दुजोरा मिळालेला नाही' असं सांगून थांबणारा कोणी आढळलाच, तर पुढचं चॅनेल लावा. अशा माणसाच्या कार्यक्रमात डोळा लागतो, आणि झोपलेल्या माणसाचा भ्रमनिरास करता येत नाही.

सरावासाठी २३ नोव्हेंबर २०१९ ची सकाळ घ्या. दाराशी पडलेल्या पेपरात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार असा मथळा. टीव्हीवर राजभवनात देवेंद्र फडणवीस शपथ घेतायत, शेजारी उपमुख्यमंत्री अजित पवार. राष्ट्रपती राजवट पहाटे पावणेसहाच्या सुमारास उठलेली, म्हणजे दूधवाला यायच्या आत. आदल्या रात्री सूत्रांच्या हवाल्याने तीन पक्षांचं खातेवाटप सांगणारे चेहरे आता, त्याच सूत्रांच्या हवाल्याने, हे कसं शिजलं ते सांगत होते. २६ तारखेला ते सरकारही राजीनामा देऊन मोकळं झालं आणि २८ ला शिवाजी पार्कवर दुसरी शपथ झाली. त्या आठवड्यात तुम्ही चिडलात कोणावर? सगळ्या नेत्यांवर. शाब्बास. सूत्रांवर चिडायचं नसतं. सूत्रांना चेहरा नसतो, पत्ता नसतो, आणि पुढच्या निवडणुकीत तुमच्या दारात यायची वेळही त्यांच्यावर येत नाही.

जून २०२२ चा अभ्यासक्रम जरा वरच्या इयत्तेचा होता. शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतला, सुरतहून गुवाहाटीला, गुवाहाटीहून गोव्याला. आपण मात्र दिवसचे दिवस एका हॉटेलच्या फाटकापाशी. गाडी आत गेली, काळी काच. गाडी बाहेर आली, काळी काच. त्या काचेवर बूम टेकवून शेजारून धावणारा वार्ताहर 'साहेब, प्रतिक्रिया... साहेब, एक मिनिट' करत राहायचा आणि काच काही खाली यायची नाही. (त्या पोराबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पावसात उभा तो, धक्काबुक्की त्याला, आणि रात्री स्टुडिओत कोट घालून निष्कर्ष काढणार भलताच.) सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांनी फोनवर केलेलं तिथल्या झाडीचं, डोंगराचं आणि हाटीलाचं वर्णन घरातल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं.

घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, मात्र कोणाला पाठ झाली नाही, आणि ते योग्यच झालं. एक तृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण देणारी तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. आता दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन व्हायचं ठरवलं तरच सूट आहे. मग विलीन न होता 'आम्हीच मूळ पक्ष' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? सगळा पेच इथे होता आणि तो समजावून सांगायला दहा मिनिटं पुरली असती. पण दहा मिनिटांत फाटकाचे किती शॉट वाया जातात, याचा विचार तुम्ही करत नाही. शेवटी विधानसभा अध्यक्षांचा निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला, म्हणजे दीड वर्षाने, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. त्या दीड वर्षात तारीख पडली की 'आजच फैसला' अशी पट्टी फिरायची आणि आपण चहा घेऊन बसायचो. एवढ्या चिकाटीने आपण स्वतःच्या सोसायटीच्या सभेलाही बसलेलो नाही.

एक्झिट पोलवर फार वेळ घालवू नका. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेकांनी रालोआला साडेतीनशेच्या पुढे नेऊन ठेवलं होतं, ४ जूनला गाडी २९३ वर थांबली. एक पोलवाले स्टुडिओतच रडले. ते रडणंही थेट प्रक्षेपित झालं, त्यामुळे तुमचं नुकसान काहीच झालं नाही.

आरडाओरड्याचा अगदीच वीट आला, तर दुसरा टप्पा आहे: सज्जन अँकरची भक्ती. एनडीटीव्हीच्या रवीश कुमारांनी फेब्रुवारी २०१६ मध्ये पडदा काळा करून नुसते आवाज ऐकवले आणि टीव्हीवरच्या चर्चांनी आपलं काय करून ठेवलंय ते दाखवलं. बातम्यांची चॅनेलं बघणं सोडा, असंही ते पुढे सांगत राहिले. आपण तो अंधार डोळे फाडून पाहिला, दहा ग्रुपांवर पाठवला आणि टीव्ही सोडा म्हणणाऱ्या माणसाला टीव्हीवर न चुकता बघत राहिलो. २०१९ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळाला, तेव्हा आपल्यालाच मिळाल्यासारखं वाटलं. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस त्यांनी एनडीटीव्ही सोडली, यूट्यूबवर गेले, मागोमाग आपणही गेलो. सज्जन अँकरचा एक मोठा फायदा म्हणजे त्याचं धाडस बघून झालं की आपलंही धाडस करून झाल्यासारखं वाटतं आणि जेवण पचतं.

कोणी टीआरपीची भीती घातली तर हसा. प्रेक्षक मोजायचं यंत्र देशभरात मोजक्याच घरांत बसवलेलं असतं आणि ते तुमच्या घरात बहुधा नाही. म्हणजे तुम्ही संतापून चॅनेल बदललंत काय किंवा भक्तिभावाने दिवसभर लावून ठेवलंत काय, टीआरपीच्या लेखी तुम्ही घरातच नाही. बरं, हे सगळं टीआरपी करायला लावतो म्हणावं, तर ऑक्टोबर २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत बातम्यांच्या चॅनेलांचं रेटिंगच बंद होतं. त्या काळात कोणाचा आवाज खाली आल्याचं तुम्हाला आठवतं का? मला नाही. यूट्यूबचं गणित मात्र चोख असतं. तिथे तुम्ही 'लाज वाटते का' असं खाली लिहिलंत तरी तो प्रतिसाद म्हणून जमेला धरतात.

इतकं नीट जमल्यावर एखादा आगाऊ माणूस हमखास विचारेल, 'तुमचा नगरसेवक कोण?' इथे गडबडू नका. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ तिथे प्रशासक होते. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर करायचं. ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, सर्वोच्च न्यायालयातल्या तारखा यांत हजारो कोटींच्या कारभारावर निवडून आलेलं एकही माणूस उरलं नाही. या सबंध काळात आपण लोकशाहीच्या भवितव्यावर रोज रात्री नऊ वाजता सहा खिडक्यांतून चर्चा ऐकत होतो. आपल्याला नगरसेवक नाही हे कळलं कधी, तर गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं आणि फोन कोणाला लावायचा हे सुचेना तेव्हा.

तेव्हा त्या आगाऊ माणसाला 'सगळे सारखेच' एवढंच सांगा आणि आवाज वाढवा. ड्रेनेजचं म्हणाल, तर वॉर्ड ऑफिसात जाऊन तक्रार नोंदवत बसू नका, तिथे रांग असते आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा लागतो. व्हिडिओ काढून आपल्या अँकरला टॅग करा. फक्त मोबाइल आडवा धरा. उभा काढलेला व्हिडिओ दाखवताना त्यांना दोन्ही बाजू धूसर करून भराव्या लागतात, फार त्रास होतो बिचाऱ्यांना.