पंचनामा करायला सगळे मोकळे!

ऋषभ पंत एखादा अतरंगी फटका मारून आउट झाला की आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक वाक्य ठरलेलं असतं. "गाडीपण अशीच चालवतो ना तो!" डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नला तो पडत-झडत स्कूप मारायला गेला आणि झेल देऊन बसला, गावसकर कॉमेंटरीत भडकले, तेव्हाही हेच. हशा पिकतो, चहाचे कप खाली ठेवले जातात, मंडळी आपापल्या जागेवर. मी मात्र संध्याकाळपर्यंत धुमसत राहतो. त्याच्या डिसेंबर २०२२ च्या कार अपघाताला दोन वर्षं होत आली होती, माणूस परत उभा राहिला, टी-ट्वेंटी वर्ल्डकप जिंकणाऱ्या टीममध्ये खेळला, कसोटीत शतक ठोकलं, आणि तुमचा खटला अजून चालूच?

आणि खटला तरी कसला! पुरावा काय, तर त्याची बॅटिंग. जो असले शॉट मारतो तो गाडी शिस्तीत चालवणं शक्यच नाही. म्हणजे फटका बेजबाबदार म्हणून ड्रायव्हिंग बेजबाबदार, आणि ड्रायव्हिंग बेजबाबदार म्हणून पुढचा फटकाही बेजबाबदार. संयमाने खेळणाऱ्या पुजाराची गाडी दुभाजकावर चढली असती ना, तर हीच मंडळी "बघा काय रस्त्यांची अवस्था" म्हणून हळहळली असती. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगळूरला द्रविडच्या गाडीची आणि एका मालवाहू रिक्षाची टक्कर झाली. किरकोळ होती, कुणाला लागलं नाही. पण तो रस्त्यात उभा राहून वाद घालतोय असा व्हिडिओ फिरला, तेव्हा लोकांनी काय केलं? रस्त्यात भडकलेला द्रविड दाखवणाऱ्या जुन्या जाहिरातीचे मीम बनवले आणि कौतुकाने हसले. चारित्र्याचा दाखला बॅटिंग ॲव्हरेजवरून मिळतो की काय या देशात?

बरं, त्या दिवशी झालं काय होतं? ३० डिसेंबर २०२२, पहाटे साडेपाचच्या आसपास. दिल्लीहून रुडकीला, आईला न सांगता भेटायला निघालेला पंचवीस वर्षांचा पोरगा. एकटाच गाडी चालवत होता. रुडकीच्या अलीकडे नारसनजवळ गाडी दुभाजकावर आदळली, उलटीपालटी झाली आणि नंतर जळून खाक झाली. कपाळावर जखमा, उजव्या गुडघ्याचे लिगामेंट फाटलेले, मनगट, घोटा, पाठ सोललेली. आधी रुडकी, मग डेहराडून, मग ४ जानेवारीला विमानाने मुंबईला कोकिलाबेन हॉस्पिटलमध्ये.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे सकाळचे नऊ वाजायच्या आत निकाल तयार! त्याचे कपाळ फुटलेले, कपडे फाटलेले फोटो आणि व्हिडिओ घराघरात पोचले. रोहित शर्माच्या बायकोला जाहीरपणे सुनवावं लागलं की अरे, जखमी माणसाचे असले फोटो टाकायला लाज वाटत नाही का. नाही वाटत. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तेच फोटो गुड मॉर्निंगच्या गुलाबांच्या बरोब्बर खाली आले होते. मग आली सीसीटीव्हीची क्लिप. काही सेकंदांची, दाणेदार, पहाटेच्या अंधारातली. गाडी म्हणजे नुसता एक उजेडाचा पट्टा. त्यावर कुणीतरी लाल गोल काढलेला, वर "फॉरवर्डेड मेनी टाइम्स". एवढ्या भांडवलावर आमच्या विंगमधल्या एका निवृत्त साहेबांनी वेग काढून दाखवला. दोन खांबांमधलं अंतर अंदाजे, वेळ अंदाजे, भागाकार मात्र अचूक! "दीडशेच्या खाली नाहीच." पन्नासेक अंगठे. हरिद्वार पोलिसांनी नंतर सांगितलं की उत्तर प्रदेशच्या हद्दीपासून नारसनपर्यंतचे स्पीड कॅमेरे तपासले, ८० ची मर्यादा गाडीने कुठे ओलांडलेली दिसत नाही, आणि तो प्यायलेलाही नव्हता. ही बातमी ग्रुपवर मी टाकली. तिला किती अंगठे आले ते विचारू नका.

आता कुणी म्हणेल, त्याच्या गाडीवर जुनी ओव्हरस्पीडिंगची चलनं होती अशा बातम्या होत्या की! होत्या. शिखर धवन त्याला "गाडी आरामात चालव" सांगतोय तो आयपीएलच्या वेळचा व्हिडिओही होता, आणि तो त्या दिवशी असा काही फिरला जणू धवनने तीन वर्षं आधी पंचनामाच लिहून ठेवला होता. पण मागच्या चलनावरून आजच्या पहाटेचा निकाल लागतो का? मग माझ्या नावावर नो-पार्किंगच्या पावत्या आहेत म्हणून उद्या मला ट्रक ठोकून गेला तर चूक माझीच म्हणा! हो, म्हणालच तुम्ही.

सगळ्यात संताप आला तो डुलकी विरुद्ध खड्डा या सामन्याचा. पोलिसांना पंत म्हणाला की डोळा लागला. दिल्ली क्रिकेट संघटनेचे पदाधिकारी भेटून आले, ते म्हणाले, तो सांगतोय की खड्डा चुकवायला गेलो. उत्तराखंडचे मुख्यमंत्री म्हणाले, खड्डा किंवा समोर काहीतरी काळं दिसलं. झालं! दोन संघ पडले. डुलकीवाले म्हणाले, खड्डा ही नंतर सुचलेली सबब. खड्डेवाले म्हणाले, डुलकी ही सरकारने पढवलेली. आणि त्यात राजकारण घुसलं, कारण रस्ता कुणाच्या राज्यातला आणि सरकार कुणाचं हे बघितल्याशिवाय आपल्याला खड्डासुद्धा दिसत नाही.

अरे, ज्याचं डोकं आपटलंय, जो जळत्या गाडीशेजारून उचलला गेलाय, त्याला त्या शेवटच्या दोन सेकंदांचं काय आठवणार? रात्रभर गाडी चालवलेल्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. पहाटे तीन ते सहा ही वेळ शरीराची सर्वात वाईट. डोळे उघडे असतात आणि मेंदू क्षणभर बंद पडतो. त्यातून दचकून जागा झालेला माणूस समोर जे दिसेल ते चुकवायला स्टिअरिंग फिरवतो. मग ती डुलकी झाली की खड्डा? दोन्ही एकदम असू शकतं की. पण "दोन्ही" म्हटलं तर भांडायचं कशावर?

आणि या गोंधळात जी एक गोष्ट खरोखर बघण्यासारखी होती ती वाहून गेली. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे अधिकारी म्हणाले, तिथे खड्डा नव्हताच. पण त्याच दमात हेही म्हणाले की शेजारी सिंचनाचा कालवा असल्यामुळे त्या ठिकाणी रस्ता जरा अरुंद आहे. ऐकलंत? राष्ट्रीय महामार्ग आणि मध्येच अरुंद! रातोरात डागडुजी झाल्याच्या बातम्या आल्या, त्याही प्राधिकरणाने नाकारल्या. चला, नसेल खड्डा. पण रस्ता अरुंद का, तिथे पुरेसे फलक आणि रिफ्लेक्टर होते का, त्याआधी तिथे किती गाड्या आपटल्या, हे विचारायला कुणाला वेळ होता? सगळी पब्लिक तर त्याच्याशी नाव जोडल्या गेलेल्या कुठल्या नटीने "प्रार्थना" असं लिहून स्वतःचा नटलेला फोटो टाकला, तिच्या मागे लागली होती. काहींनी तर तिच्यामुळेच त्याला झोप आली नसणार असा शोध लावला. धन्य आहे!

हे फक्त क्रिकेटवाल्यांच्याच वाट्याला येतं असंही नाही. सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींची गाडी कठड्यावर आदळली. मिस्त्री गेले, त्यांच्यासोबतचे जहांगीर पांडोळे गेले. गाडी एक बाई चालवत होत्या. मुंबईतल्या नावाजलेल्या डॉक्टर, स्वतः गंभीर जखमी. आमच्या ग्रुपवरची पहिली प्रतिक्रिया मला अजून पाठ आहे: "बाई चालवत होती ना, मग काय!" पुढे पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा दाखल केला, तो भाग वेगळा, त्याचं कोर्ट बघेल. पण पुलाजवळ तीन लेनच्या दोन लेन होतात आणि कठडा रस्त्यात पुढे आलेला आहे, हे तज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा चर्चा केव्हाच संपली होती. नुसता मागच्या सीटबेल्टचा जप चालू होता. सीटबेल्ट लावायलाच पाहिजे, वाद नाही. पण म्हणून पुलाला माफी?

जुलै २०२५ मध्ये लिव्हरपूलचा फुटबॉलपटू डिओगो जोटा स्पेनमध्ये कार अपघातात गेला. भाऊही बरोबर गेला. लग्नाला अकरा दिवस झाले होते. आमच्याकडे फुटबॉल बघणारी पोरं रात्री जागून रडली, आणि त्यांच्याच पोस्टखाली लोक विचारत होते की एवढा पैसा असून विमानाने का नाही गेला? फुप्फुसाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी विमान टाळायला सांगितलं होतं, अशी बातमी तोवर आलेली होती. वाचायची कुणाला! लॅम्बोर्गिनी दिसली की निकाल लागला. तिथल्या पोलिसांनी आधी टायर फुटल्याचं सांगितलं, मग वेग जास्त असावा म्हणाले, तर एका ट्रकवाल्याने सांगितलं की माझ्या शेजारून शांतपणे गेले होते. म्हणजे ज्यांचं काम आहे त्यांनाही टप्प्याटप्प्याने जावं लागतं, आणि आमच्या इथल्या काकांना डोंबिवलीच्या बाल्कनीत बसून सगळं दिसतं.

यावर लगेच उत्तर येतं ते पुण्याचं. "मग कल्याणीनगरला लोकांनी आवाज केला नसता तर?" बरोबर आहे. मे २०२४ मध्ये पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, अल्पवयीन पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला, ससूनमध्ये रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली डॉक्टर आत गेले. तिथे आरडाओरडा झालाच पाहिजे होता. पण त्यात आणि यात फरक कळत नाही का? तिथे दोन जीव गेले होते आणि यंत्रणा डोळ्यादेखत वाकवली जात होती. लोक यंत्रणेवर ओरडत होते. इथे पंतने कुणाला चिरडलं होतं? जखमा त्याला झाल्या, गाडी त्याची जळली. कुणाला न्याय मिळवून देत होतात तुम्ही?

मला हे जास्त झोंबतं कारण घरात बघितलंय. माझा आतेभाऊ सातारा रस्त्यावर बाइकवरून पडला तेव्हा आत्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधल्या लोखंडी बाकावर बसली होती. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात त्याचं घड्याळ, पाकीट आणि कापून काढलेला शर्ट. येणारा प्रत्येक नातेवाईक तिच्या शेजारी टेकायचा आणि पहिला प्रश्न, "हेल्मेट होतं का?" होतं. "मग मोबाइलवर बोलत असेल." नव्हता. "किती वाजता निघाला होता?" जणू काही बरोबर वेळेला निघालं की खडी घसरत नाही! तिला पाणी हवंय का, हे कुणी विचारत नव्हतं; तिचीच उलटतपासणी चाललेली. आणि तिची चूक काय, तर ती आई होती. रस्त्याचं काम काढून ठेकेदाराने वळणावर खडी तशीच सोडली होती, ना बॅरिकेड ना दिवा. पोलीस पंचनाम्यात "खडीवरून घसरून" असं एक वाक्य आलं आणि संपलं. तो आता बरा आहे, जरासा लंगडतो. लग्नाकार्यात अजून कुणीतरी पाठीवर थाप मारून म्हणतंच, "काय, आता तरी हळू चालवतोस ना?"

का करतो आपण हे? मला विचाराल तर भीती. त्याची चूक ठरली की आपण सुटलो. तो जोरात चालवत होता, मी चालवत नाही, म्हणजे मला काही होणार नाही. २०२२ या एका वर्षात या देशात १ लाख ६८ हजारांवर माणसं रस्त्यावर मेली. तासाला एकोणीस. ते सगळे काय असलेच फटके मारणारे होते? पण हा आकडा घेऊन झोप लागत नाही, म्हणून प्रत्येक मेलेल्याची काहीतरी चूक शोधून काढायची आणि कुशीवर वळायचं.

त्या पहाटे पंतला ज्यांनी बाजूला घेतलं ते हरियाणा रोडवेजच्या बसचे ड्रायव्हर-कंडक्टर होते. समोरून येत होते, बस थांबवली, धावले. ड्रायव्हर क्रिकेट बघत नाही, त्याला हा कोण तेही ठाऊक नव्हतं. त्याच्यावरही शंका घ्यायला लोक चुकले नाहीत हं! पंतचे पैसे रस्त्यावर विखुरले आणि लोकांनी लुटले, ही आवई दुपारपर्यंत सगळीकडे. पोलिसांनी ती खोटी ठरवली. पुढच्या वेळी बस थांबवायची की नाही, याचा विचार करायला लावणारं बक्षीस आहे हे.

आणि आता हे ऐका, कारण इतक्या बडबडीत एकदाही कुणाच्या तोंडून आलं नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम, देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यामुळे माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर संबंधित प्राधिकरणाला, ठेकेदाराला, सल्लागाराला दंड. जास्तीत जास्त एक लाख रुपये. एक लाख! पंतच्या त्या मर्सिडीजचा बंपर तरी येईल का तेवढ्यात? यावर संतापा ना! खासदाराला विचारा, टोलनाक्यावर विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाका की आमच्या रस्त्यावर हे कलम आजवर कुणाला लावलं. मी हे सगळं एकदा सोसायटीच्या ग्रुपवर टाइप केलं, कलमाच्या नंबरासकट. वेग काढणाऱ्या साहेबांनी उत्तर दिलं, "ग्रुपवर कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत."