पाकटाचा काटा आणि आपली कर्तव्ये

मगरी, अजगर आणि तत्सम प्राण्यांशी दूरचित्रवाणीवर लगट करणारा एखादा जगप्रसिद्ध माणूस अकस्मात मरण पावला, तर आपण नेमके काय करावे, याचे शिक्षण आपल्याकडे कोठेही मिळत नाही. घरातले माणूस गेले तर भटजी असतात, आमदार गेला तर फलक किती फुटी असावा हे ठरवणारे कार्यकर्ते असतात. परंतु ज्याच्याशी आपला संबंध रविवारी दुपारी शितकडी जेवून डोळा लागेपर्यंतचाच होता, अशा परदेशी गृहस्थाच्या मृत्यूनंतर कसे वागावे हे प्रत्येकाला स्वतःच्या बुद्धीने ठरवावे लागते, आणि त्यात धोका फार आहे. बुद्धी वापरण्याच्या भरात काही माणसे गप्प राहिल्याचीही उदाहरणे आहेत. तसा प्रसंग आपल्यावर येऊ नये, म्हणून हे मार्गदर्शन.

अभ्यासासाठी ४ सप्टेंबर २००६ हा दिवस घ्यावा. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात, पोर्ट डग्लसजवळच्या बॅट रीफ या प्रवाळभिंतीपाशी स्टीव्ह अर्विन हा ४४ वर्षांचा मगरवाला समुद्रातल्या घातक प्राण्यांवरच्या माहितीपटासाठी गेला होता. हवा बिघडल्यामुळे मुख्य चित्रीकरण थांबले, तेव्हा रिकामे बसण्यापेक्षा आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या कार्यक्रमासाठी काही दृश्ये टिपावीत म्हणून तो उथळ पाण्यात उतरला, आणि एका मोठ्या पाकटाच्या, म्हणजे शेपटीवर काटा असलेल्या चपट्या माशाच्या, वरून पोहत असताना त्या पाकटाने शेपटीवरचा काटा त्याच्या छातीत खुपसला. काट्याला विष असते, पण त्याला मारले ते विषाने नव्हे. काटा हृदयापर्यंत पोहोचला होता. पाकटाच्या काट्याने माणूस मरणे ही जगात अत्यंत विरळा घडणारी गोष्ट आहे. हे शेवटचे वाक्य मात्र आपण वाचून लगेच विसरावे, कारण ते लक्षात राहिले तर पुढे सांगितलेले काहीच नीट करता येणार नाही.

बातमी कानावर पडताच आपण 'हे एक दिवस होणारच होते' असे म्हणावे. वाक्य छोटे आहे, कोणत्याही वयात शोभते, आणि त्यात हळहळही बसते व शहाणपणही. त्याच्या वडिलांनी १९७० मध्ये बीरवा येथे सरपटणाऱ्या प्राण्यांचे उद्यान उघडले तेव्हापासून हा मुलगा मगरींच्या संगतीत वाढला, म्हणजे तब्बल ३६ वर्षे आपले हे भाकीत रोज खोटे ठरत होते; पण त्याबद्दल आपल्याला कोणी जाब विचारलेला नसल्यामुळे ते एकदा खरे ठरताच त्याचे पूर्ण श्रेय घेण्यास हरकत नाही. प्रस्तुत लेखकाने हे वाक्य त्या वर्षी, अनंत चतुर्दशी तोंडावर आलेली असताना, शेजाऱ्यांच्या गणपतीवर फळा-पानांनी बांधलेल्या माटोळीखाली बसून नेवरी खाता खाता उच्चारले होते आणि त्याला तीन माना डोलल्या होत्या. लेखकाने त्या माणसाचा एकही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता, ही गोष्ट त्या बैठकीत कोणाच्याही कामाची नव्हती.

भाकितानंतर नियतीकडे वळावे. 'मगरींनी सोडले आणि माशाने गाठले' हे वाक्य घोळवून घोळवून म्हणावे. पाकट हा मुळात भित्रा मासा आहे. तो वाळूत पोट टेकून, अंगावर वाळू ओढून निपचित पडतो, वाट मोकळी असेल तर निसटतो, आणि वरून एखादी मोठी सावली आली व पळायला जागा उरली नाही असे त्याला वाटले, तरच शेपटी उगारतो. इतके सगळे सांगत बसलो तर नियतीला काही कामच उरत नाही, म्हणून ते सांगू नये.

ज्यांना वैद्यकाची आवड आहे त्यांच्यासाठी या मृत्यूने फार मोठी सोय करून ठेवली आहे. त्याने छातीतला काटा स्वतःच्या हाताने उपटून काढला अशी बातमी पहिल्याच दिवशी सर्वत्र पसरली, आणि रुतलेली वस्तू उपटू नये, उपटली की रक्त वाहते, हे ज्ञान असलेले लोक जगाच्या पाठीवर किती आहेत याचा त्या आठवड्यात प्रथमच अंदाज आला. आपल्याकडेही फार्मसीच्या दुकानापासून बसस्थानकापर्यंत हे व्याख्यान ऐकू येत होते. पुढे २०१४ मध्ये, त्या वेळी पाण्यात त्याच्यासोबत कॅमेरा धरून असलेल्या माणसाने जाहीरपणे सांगितले की अर्विनने काटा उपटला वगैरे काही नाही. पाकटाने काही क्षणांत असंख्य वेळा वार केले होते. आठ वर्षे दिलेले व्याख्यान अशा वेळी मागे घ्यावे काय? मुळीच घेऊ नये. मेलेल्या माणसाच्या हातून चूक झाली असणे हे जिवंत माणसाच्या मनःशांतीसाठी फार आवश्यक असते. त्याने काहीच चुकीचे केले नव्हते असे ठरले, तर उद्या आपण मिरामारच्या पाण्यात पाय कोणत्या भरवशावर घालायचा?

त्या क्षणांचे चित्रीकरण झाले होते. ते क्वीन्सलँडच्या पोलिसांकडे गेले, पुढे त्याच्या प्रती नष्ट करण्यात आल्या, मूळ प्रत पत्नीकडे सोपवली गेली आणि ते कोठेही दाखवले गेले नाही. म्हणून 'मी तो व्हिडिओ पाहिला आहे' असे सांगणारा मनुष्य प्रत्येक वाड्यावर एक तरी असावा. तो नसेल तर ती जबाबदारी आपण घ्यावी, आणि शेवटी 'बघवत नाही' असे म्हणून मान फिरवावी.

मृताचे जुने अपराधही हाताशी ठेवलेले बरे. जानेवारी २००४ मध्ये अर्विनने एका हाताच्या कवेत महिन्याभराचा मुलगा धरून दुसऱ्या हाताने मगरीला खाद्य भरवले होते, आणि त्यावर भरपूर गदारोळ झाला होता. त्या वेळी त्याला नालायक बाप ठरवणाऱ्यांनी सप्टेंबर २००६ मध्ये त्याला वत्सल पिता म्हणावे. आवाजाची पट्टी मात्र दोन्ही वेळा तीच असावी, म्हणजे ऐकणाऱ्याला मत बदलल्याचे जाणवत नाही.

आता शोकसभेविषयी. क्वीन्सलँडच्या सरकारने शासकीय इतमामाचा प्रस्ताव दिला होता. पण आपला मुलगा साधा माणूस होता आणि त्याला असे काही नकोच असते, असे सांगून वडिलांनी तो नम्रपणे नाकारला. अंत्यविधी कुटुंबाने खाजगीत केला, आणि नंतर २० सप्टेंबरला त्याच्याच प्राणिसंग्रहालयातल्या, मगरींचे खेळ जेथे होत त्या प्रेक्षागारात, जाहीर श्रद्धांजली झाली. फाटकाबाहेर लोकांनी फुलांसोबत खाकी सदरे आणून ठेवले व त्यांवर चार ओळी लिहिल्या. हे सगळे पाहून परदेशी लोकांना शोकसभेचे तंत्र अवगत नाही अशी खात्री पटते. आपल्याकडे अशा प्रसंगी वाचनालयाच्या सभागृहात पंच, माजी पंच आणि पुढच्या निवडणुकीतले संभाव्य पंच यांना व्यासपीठावर बसवावे. फलकावर मृताचे छायाचित्र कोपऱ्यात घेऊन उरलेल्या जागेत शुभेच्छुकांना बसवावे. आणि प्रत्येक वक्त्याने मृताशी असलेला आपला संबंध सांगावा, जो सहसा 'आमच्या घरात परवाच नाग निघाला होता' येथून सुरू होतो. नागाचे पुढे काय झाले, असे श्रोत्यांनी विचारू नये. सर्पमित्राला फोन केला होता, पण तो डिचोलीहून निघून पोहोचेपर्यंत घरातल्या दांड्याने आपले काम उरकले होते.

विरोधी मत मांडायचे असेल तर माणूस जाऊन निदान तेरा दिवस होऊ द्यावेत असा जुना संकेत आहे, तो मोडावा. ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या लेखिका जर्मेन ग्रीअर यांनी दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश वृत्तपत्रात लिहून टाकले की प्राणिसृष्टीने अखेर त्याच्यावर सूड उगवला. त्यांच्या म्हणण्यात एक रास्त प्रश्न दडलेला होता: रानातल्या जीवाला त्याच्या जागी गाठायचे, हाताळायचे, त्याच्या कानाशी ओरडायचे आणि याला प्रेम म्हणायचे, हे कितपत योग्य? या प्रश्नावर थोडा तरी विचार झाला असता. पण लेखात 'सूड' हा शब्द आला आणि प्रश्न बाजूला पडून लोक बाईंच्याच मागे लागले. आपणही असेच करावे. रास्त प्रश्न विचारायचाच असेल, तर त्यावर अगोदर असा एक शब्द ठेवावा की वाचणाऱ्याला प्रश्नापर्यंत जाताच येऊ नये.

पण सूड या कल्पनेला आपण कमी लेखू नये, कारण या सगळ्या प्रकरणात भक्त आणि टीकाकार यांचे एकमत झाले ते नेमके याच कल्पनेवर. टीकाकारांच्या मते पाकटाने मनुष्यजातीचा सूड घेतला. भक्तांना वाटले की आता पाकटांचा सूड घेतला पाहिजे. पाकटाने काहीतरी मनात धरून ते केले, हे दोघांनाही मान्य होते. त्यानंतरच्या दिवसांत क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर किमान दहा पाकटे मेलेली आढळली, आणि त्यांतल्या काहींच्या शेपट्या कापलेल्या होत्या. जो माणूस आपल्याला प्राणी चावला तर चूक आपलीच होती असे हसत सांगत असे, त्याच्या प्रेमापोटी कोणीतरी सुरी घेऊन पाण्यात उतरले होते. शेवटी त्याच्या वन्यजीव संस्थेच्या लोकांना शोक आवरून, असला सूड आम्हाला खपणार नाही आणि त्याला तर तो मुळीच आवडला नसता, असे जाहीर करावे लागले. श्रद्धांजलीचा इतका कडक प्रकार आपल्याकडे अजून रूढ झालेला नाही. आपण मृताच्या नावे रक्तदान ठेवतो, तेही आपलेच.

अर्थात, सूड घेण्यासाठी आपल्याला प्रसिद्ध माणूस मरण्याची वाट पाहावी लागत नाही, ही आपली जमेची बाजू. जानेवारी २०२० मध्ये आपल्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीच्या रानात चार वाघ विषप्रयोगाने मेले. त्यांच्या नावे कोणताही कार्यक्रम प्रसारित होत नव्हता, अर्विनच्या 'क्रायकी' सारखी त्यांची आरोळी मुलांना पाठ नव्हती आणि त्यांच्या छापाचे सदरे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळत नव्हते; त्यामुळे शोक कोणी कोणत्या नमुन्यात करावा हे ठरले नाही. पुढे जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने येथे व्याघ्र प्रकल्प जाहीर करा असा आदेश दिला, तेव्हा आपल्या विद्वानांना नवा विषय मिळाला: हे वाघ गोव्याचे की शेजारच्या राज्यातून येणारे पाहुणे? मेलेला वाघ पाहुणा ठरला तर सुतक लागत नाही, हे त्यातले मर्म आपण ध्यानात घ्यावे.

काही लोकांचे अनुकरण मात्र कटाक्षाने टाळावे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मचूळ पाण्यात मगरी आहेत, आणि त्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या माणसेही आहेत. बोरी-दुर्भाटकडचे लोक पौष अमावास्येला खाजनातल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतातल्या, चिखलाची मगर घडवतात, तिला शिंपल्यांनी सजवतात आणि तिची पूजा करतात. याला मानगे थापणी म्हणतात. या लोकांनी मगरीला कधी मिठी मारलेली नाही, तिच्या पाठीवर बसून छायाचित्र काढलेले नाही, आणि तिने कोणाला ओढले तर समस्त मगरजातीच्या नावे पत्रक काढलेले नाही. वर्षातून एकदा नमस्कार करायचा, बांध शाबूत राहू दे म्हणायचे, आणि बाकीचे ३६४ दिवस पाणी बघून पाय घालायचा, एवढ्यावर त्यांचे भागते. अशा माणसांकडून चर्चासत्राला काहीही साहित्य मिळत नाही.

तीच गत रापणकारांची. जाळे वाळूवर ओढल्यावर त्यात वागळे, म्हणजे आपले हेच पाकट, तडफडताना दिसले की जाणता रापणकार त्याच्या शेपटीच्या बाजूला उभा राहत नाही, आणि हात लावण्याआधी कोयत्याने काटा छाटून बाजूला टाकतो. एखाद्याला काटा लागलाच तर तो जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवतो, कारण त्या विषाला उष्णता सोसत नाही. हे सारे तो आपण नियतीवर बोलत असताना एकही शब्द न बोलता उरकतो.

म्हणून पुढच्या वेळी, कोठल्या तरी खंडात कोठल्या तरी प्राण्याने आपल्या लाडक्या माणसाला मारल्याची बातमी येईल तेव्हा, भाकीत सांगून झाल्यावर, वैद्यक सांगून झाल्यावर, व्हिडिओ पाहिल्याची शपथ घेऊन झाल्यावर आणि सभेतला चहा पिऊन झाल्यावर आपण पिशवी घेऊन मासळीबाजारात जावे. बांगडा महाग असेल, विसवण तर विचारूच नये. शेवटच्या ओट्यावर वागळे पसरलेले असेल, शेपटी कापलेले. ती कोणी आणि कशासाठी कापली हे विकणारणीला विचारून तिचा खोळंबा करू नये. आंबट-तिखाला किती पुरेल एवढेच विचारावे, आणि दर कमी करून मागावा.