बटन, बटन, अनलेबल्ड बटन

माझा फोन दिवसभर बोलत असतो. मला दिसत नाही, त्यामुळे स्क्रीनवर काय आहे ते फोनवर टॉकबॅक आणि घरच्या कम्प्युटरवर एनव्हीडीए वाचून दाखवतो. हा एनव्हीडीए ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध माणसाने २००६ साली सुरू केला, मग त्याचा अंध मित्र जेम्स तेह सोबत आला, फुकट मिळतो, मराठीसुद्धा वाचतो, म्हणजे सर्दी झालेला तलाठी सातबारा वाचतोय असं वाटतं पण वाचतो, आणि आपली काही तक्रार नाही.

फक्त एक आहे, हे गडी मनाचं काही सांगत नाहीत. साइटवाल्याने बटनाला नाव दिलं असेल तर नाव वाचणार, नसेल दिलं तर नुसतं 'बटन'. मग मी बोट सरकवत बसतो. बटन. बटन. अनलेबल्ड बटन. इमेज. बटन. यातलं एक 'पैसे भरा' असतं आणि एक 'सगळं रद्द करा', कुठलं कुठलं ते बनवणाऱ्याला आणि आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराला माहीत.

ओटीपीचं तर विचारूच नका. सात रस्त्याहून शेअर रिक्षात बसलो होतो, हेडफोन घरी राहिलेला, आणि विजेचं बिल भरायची शेवटची तारीख. मेसेज आला आणि टॉकबॅकने खणखणीत आवाजात अख्ख्या रिक्षाला ओटीपी वाचून दाखवला आणि वर सांगितलं की हा कुणालाही सांगू नका. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "नाही सांगत बाबा कुणाला." मी चौकोन शोधतोय, सहा आकड्यांना सहा वेगळे चौकोन, एकालाही नाव नाही, तेवढ्यात वेळ संपली. पुढून ड्रायव्हर म्हणतो, "नवा मागवा की ओ." नवा आला तर मावशींनीच घाईघाईने पाठ केला आणि मला एकेक आकडा सांगत गेल्या. बिल भरलं गेलं बरं का, सगळ्या रिक्षाच्या साक्षीने.

कॅप्चावर, म्हणजे 'मी माणूसच आहे' हे साइटला पटवायच्या त्या कोड्यावर, जास्त बोलत नाही. 'झेब्रा क्रॉसिंग असलेले सगळे चौकोन निवडा' म्हणतात, ते आमच्या सोलापुरात डोळसांनाही सापडत नाही.

व्हिडिओ केवायसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसून बँकेला ओळख पटवणं, ते मात्र सांगायलाच पाहिजे. एका बँकेचं ॲप, नाव जाऊ द्या. 'चेहरा गोलात आणा.' गोल कुठाय? ते सांगायची सोय नाही. मागून बायको, "अहो वर गेला, खाली घ्या, आता नुसता फॅन दिसतोय." त्या दिवशी आमच्या फॅनचं केवायसी जवळजवळ झालंच होतं. चेहरा कसाबसा गोलात आला तर ॲप म्हणतं डोळे मिचकवा. मिचकवले. पुन्हा प्रयत्न करा. परत मिचकवले, जोरात मिचकवले, शेवटी बायको म्हणाली आता पुरे, शेजारचे बघतायत. एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशाच केवायसीच्या केसमध्ये सांगितलंय की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि माणूस जिवंत आहे हे बघायला डोळे मिचकवण्याशिवाय दुसरे मार्गही ठेवा. निकाल ऐकून लई बरं वाटलं. ॲपने बहुतेक ऐकला नाही.

मला राग नेमका कशाचा येतो सांगू का, काम एवढंसं असतं. बटनाला नाव द्या, फोटोला दोन शब्द लावा, झालं. साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणूनचे हे नियम डब्ल्यूसीएजी नावाने १९९९ पासून लिहून ठेवलेत, २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आहे, पण त्याऐवजी काय करतात तर वरच्या कोपऱ्यात मोठा अ, छोटा अ. कमी दिसणाऱ्यांना उपयोग होत असेल, नाही म्हणत नाही, पण माझ्यासाठी तो अ नवी पेठेएवढा केला तरी काय फरक पडणार? आणि खाली 'दिव्यांगांसाठी योजना' म्हणून पीडीएफ असते, ती कागदाचा फोटो काढून चढवलेली. एनव्हीडीएच्या लेखी कोरं पान. एकदा टाइप केलेली सापडली म्हणून खूश झालो तर ती युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टात, म्हणजे डोळ्याला मराठी आणि आत सगळी इंग्रजी अक्षरं नि चिन्हं. आमच्या तलाठ्याने ती दोन पानं 'एस डॉलर के स्लॅश' करत न अडखळता वाचली.

पुण्याच्या ताईच्या वास्तुशांतीला सोलापुरी चादर पाठवायची होती. इथल्याच एका दुकानाची साइट, प्रत्येक फोटोवर रीडर 'आयएमजी अंडरस्कोर' आणि पुढे लांबलचक नंबर. दुकानात फोन केला, मालकाला समजावलं की फोटोमागे दोन शब्द लिहा. माणूस भला, म्हणाला, "उद्या करतो की, त्यात काय." आणि खरंच केलं. सगळ्या फोटोंना एकच. 'सोलापुरी चादर बेस्ट क्वालिटी होलसेल रेट कॉल नाऊ.' मी आपला त्यातली एक निवडली, भाव जरा कमीच वाटला पण होलसेल म्हणतोय म्हटलं, आणि पैसे भरून टाकले.

चार दिवसांनी ताईचा फोन. "अरे, वास्तुशांतीला टॉवेल कोण पाठवतं?"