डोनेपेझिल बंद करण्याबद्दल एका वाचक ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचे वडील टोरांटोच्या नर्सिंग होममध्ये आहेत आणि तिथले डॉक्टर त्यांचं डोनेपेझिल, म्हणजे डिमेन्शियावरची (स्मृतिभ्रंशावरची) गोळी, हळूहळू बंद करू म्हणतायत. 'होमला खर्च वाचवायचाय आणि तुम्ही त्यांचीच तळी उचलताय,' असं तुम्ही रागाने लिहिलंत. सोबत, ही गोळी थांबवली तर काय होतं हे तपासणाऱ्या ब्रिटनच्या डोमिनो अभ्यासाचा दाखलाही दिलात.

खर्चाचं आधी. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत अशा होममधल्या लोकांच्या औषधांचा खर्च मुख्यतः प्रांताची योजना उचलते. गोळी थांबवून होमच्या गल्ल्यात फारसं काही पडत नाही.

डोमिनोचं म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. २०१२ च्या त्या अभ्यासातल्या २९५ रुग्णांपैकी ज्यांची गोळी काढली ते जास्त खालावले. पहिल्या वर्षात त्यांना नर्सिंग होममध्ये हलवावं लागण्याचा धोकाही साधारण दुप्पट निघाला. म्हणून घरी राहणाऱ्या माणसाची गोळी सहजासहजी काढू नये. पण त्या अभ्यासातले सगळे रुग्ण घरीच राहत होते. तुमचे बाबा आता कुणाला ओळखत नाहीत, त्यांना भरवावं लागतं, वजन उतरलंय, पडतातही, हे तुम्हीच लिहिलंय. याच गोळीने भूक मरते, जुलाब होतात. नाडी मंद झाली की घेरी येते. लघवीची घाई होते, मग त्यावर ऑक्सिब्युटिनिन नावाचं औषध सुरू होतं आणि ते मेंदूत डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं! अमेरिकेत नर्सिंग होममधल्या तीव्र डिमेन्शियाच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गोळी थांबवलेल्यांमध्ये पडून गंभीर इजा होण्याचं प्रमाण कमी दिसलं.

'वाऱ्यावर सोडणं' हा तुमचा शब्द मला लागला. नीट थांबवायचं तर उलट जास्त लक्ष द्यावं लागतं. ऑस्ट्रेलियाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर चार आठवड्यांनी डोस निम्मा करत सगळ्यात कमी डोसवर आणतात, मग थांबवतात. दोन ते सहा आठवड्यांत बाबा स्पष्ट खालावले, तर गोळीचा उपयोग होत होता असं धरून ती पुन्हा सुरू करता येते. तीन महिन्यांनंतरची घसरण बहुधा आजाराचीच असते.

एक गोष्ट डॉक्टरांना आजच विचारा. बाबांना नसलेली माणसं दिसतात का, कुणी चोरी करतंय असे भास होतात का? कॅनडातल्याच एका छोट्या अभ्यासात गोळी थांबवल्यावर असेच रुग्ण जास्त बिघडले होते. तसं असेल, तर गोळी चालू ठेवा म्हणून मीही तुमच्या बाजूने सांगेन.