आज भांग आहे

आपल्याला थोडी शांतता हवी आहे, असं आमच्या घरात पहिल्यांदा बायको म्हणाली. त्यावर "कसली शांतता?" असं मुलगी आतल्या खोलीतून एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मुद्दा तिथेच सिद्ध झाला. मग गुहागर तालुक्यातलं वेळणेश्वर ठरलं. चंद्रकोरीसारखा किनारा, वाळूपर्यंत आलेले माड, एक जुनं शंकराचं देऊळ आणि गर्दी नाही.

मी बँकेत आहे. दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, अशी तीस वर्षांची सवय. त्यामुळे सहलीचंही मी वेळापत्रक करतो. दुसऱ्या शनिवारची सुट्टी धरून केलेलं हे वेळापत्रक चांगलं दोन पानी होतं आणि त्याचा कळस होता रविवार, ११ ते ११.४५ : बामणघळ.

ही बामणघळ शेजारच्या हेदवीला आहे. किनाऱ्याच्या टोकाला, उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात एक अरुंद, लांबलचक भेग. भरतीच्या लाटा तिच्यात घुसल्या की कोंडलेलं पाणी धाडकन वर उसळतं. फोटोत पाहिलं होतं, माणूस खुजा दिसेल एवढं उंच. मुलीने तेवढ्यासाठी मोबाइल ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी घेतली होती. बायकोने सगळ्यांचे रेनकोट घेतले होते. फेब्रुवारीत.

शनिवारी पहाटे ५ला निघायचं होतं. पावणेपाचला आई बाल्कनीत पाटावर खडूने सूर्य काढत होती.

"आई, हे काय?"

"रथसप्तमी. दूध ऊतू घालवायचंय."

"मग घालव ना लवकर."

"सूर्य उगवल्याशिवाय? कुणाला दाखवू, वॉचमनला?"

फेब्रुवारीत पुण्याला सूर्य सातनंतर उगवतो, हे माझ्या दोन पानांत कुठेही नव्हतं. गोवरीच्या धुराने वॉचमन मात्र खरोखरच वर आला. मी दर पाच मिनिटांनी "किती वाजता जाईल ऊतू?" विचारत होतो आणि बोळक्यातलं दूध साय धरून शांत बसलं होतं. निघालो साडेसातला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण पाटणपासून मुलीला मळमळत होतं आणि कुंभार्ली घाट उतरल्यावर सगळ्यांनाच. चिपळूण, शृंगारतळी इथवर ठीक. पुढे फोनमधल्या बाईने "उजवीकडे वळा" म्हटलं. वळलो. दोन्ही बाजूंना गडगे आणि मधून जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. पुढे पायऱ्या लागल्या. पाखाडी होती ती. एक आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन समोर उभ्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ही वाट आमच्या विहिरीवर जाते." फोनमधली बाई अजूनही "सरळ जा" म्हणत होती. ती दीडशे पावलं मी गाडी मागे मागे घेत आलो. दोन्ही आरसे मिटले होते, बायको मागे उभी राहून हात हलवत होती, आणि तिचा हात 'ये' म्हणतोय की 'थांब', हे पंचवीस वर्षांत मला कळलेलं नाही.

वेळणेश्वराच्या नावाची एक व्युत्पत्ती लोक सांगतात : वेळ न लावता पावणारा ईश्वर. देवाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण वेळ न लावण्याचं ते सगळं खातं त्याने स्वतःकडेच ठेवलं असावं, गावात कुणाला वाटून दिलेलं नाही. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांना विचारलं, "जेवण किती वाजता?"

"झालं की."

"साधारण?"

"झालं की हाक मारतो हो. आलाहात ना आत्ताच? टेका जरा."

टेकलो. जेवण तीनला झालं. पण ओल्या काजूगरांची उसळ होती, त्यामुळे वेळापत्रकातला तो रकाना मी मुकाट्याने खोडला.

शांततेचं म्हणाल तर ती दुपारपासून रात्री नऊपर्यंत होती. फोनला रेंज नव्हती, म्हणून मुलगी पडवीच्या कठड्यावर उभी राहून हात उंच करून ती शोधत होती, लांबून सूर्याला अर्घ्य देतेय असं वाटावं. आई तेवढ्यावरही खूश झाली. रात्री समुद्राचा आवाज ऐकत झोपू, असं बायको कधीपासून म्हणत होती. समुद्राचा आवाज चांगलाच असतो, पण तो बंद करता येत नाही. त्यात मध्येच माडावरून पत्र्यावर नारळ पडला. आम्ही चौघंही उठून बसलो. पहाटे चारला आगराला पाणी द्यायचा पंप सुरू झाला आणि पंप थांबला तेव्हा कोंबडा. पुण्यात आमच्या खिडकीखाली बस स्टॉप आहे. त्याची मला पहिल्यांदाच आठवण आली.

रविवारी सकाळी घावन खाताना काकांना म्हटलं, "अकराला बामणघळीवर पोचायचंय."

काका थांबले. "अकराला?"

"हो. ११ ते ११.४५."

"बरं बरं," ते म्हणाले. "बघा."

या 'बघा'त काय काय होतं, ते तेव्हा कळलं नाही. आधी दशभुज लक्ष्मीगणेश पाहिला. पांढरी संगमरवरी मूर्ती, दहा हात. आम्ही मनापासून नमस्कार केला आणि माझा एक डोळा घड्याळावर होता. दहा हात असूनही त्याच्या एकाही मनगटावर घड्याळ नाही, हे मुलीने दाखवून दिलं.

अकराला पाच कमी असताना आम्ही कातळावर पोचलो. रेनकोट चढवले. मोबाइल पिशवीत. भेगेपासून बेतशीर लांब उभे राहिलो, कारण या घळीत एक ब्राह्मण पडला म्हणून तिचं हे नाव, अशी कथा सांगतात आणि आईने ती वाटेत दोनदा सांगितली होती. मग वाट पाहू लागलो.

घळ कोरडी होती. अगदी तळाशी थोडं पाणी होतं, त्यात एक खेकडा. समुद्र तिथून लांब, आपल्या कामात. डोक्यावर रणरणतं ऊन, खाली तापलेला कातळ आणि त्यावर रेनकोट घालून उभं एक कुटुंब. दहा मिनिटं गेली. खेकडासुद्धा आत गेला.

तेवढ्यात कमरेला कोयता लावलेले एक आजोबा आले. आमच्याकडे बराच वेळ पाहून म्हणाले, "काय बघताव?"

"पाणी उडतं ना इथे?"

"आज कसला उडतोय," ते म्हणाले. "आज भांग हाय."

बायकोने माझी बाही ओढली. मी अतिशय सभ्यपणे म्हणालो, "नको नको, आम्ही घेत नाही."

आजोबा कातळावर बसलेच. हसणं आवरल्यावर त्यांनी समजावलं. अमावस्या-पौर्णिमेला समुद्र चढतो तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास तो फारसा चढतही नाही, उतरतही नाही, ती भांग. चंद्र-सूर्य एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते, काटकोनात असले की एकमेकांची ओढ मोडतात. ही आकृती शाळेत मी चार मार्कांसाठी काढली होती आणि चारही मिळवले होते. समुद्र तिच्याप्रमाणे खरंच चालतो, असं मात्र कुणी बजावलं नव्हतं.

"आणि आता तर सुकती," आजोबा म्हणाले. "भरती सहाला. तिथीची पाऊणपट करा म्हंजे तास निघतो. अर्धापाऊण तास इकडंतिकडं. तिथी काय आज?"

मला माहीत नव्हतं. व्याजाचे दर सांगितले असते.

"अष्टमी," मागून आई म्हणाली. "काल रथसप्तमी नव्हती का? आठ पाऊण सहा."

आजोबांनी पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणाकडे तरी आदराने पाहिलं. मग दोघांनी पाऊणकी म्हटली, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार, आणि मी बँकेतला माणूस रेनकोट घडी करत उभा राहिलो.

तरी आम्ही साडेपाचला पुन्हा गेलोच. आता वेळापत्रकाचा नव्हे, इभ्रतीचा प्रश्न होता. सहाच्या सुमारास पाणी खरोखरच घळीत शिरलं. सगळे श्वास रोखून उभे. आतून आवाज आला, "डुबुक." पुन्हा काही वेळाने, "डुबुक." भांडं धुताना मोरीत येतो तेवढा. मुलीने त्याचं चित्रीकरण केलं आहे. एक मिनीट चाळीस सेकंदांचं आहे आणि त्यात बहुतेक वेळ माझी पाठ दिसते.

रात्री कुंभार्ली चढताना गाडीत खरी शांतता होती. मी आईला म्हटलं, "तुला हे सगळं येत होतं, तर आधी सांगितलं का नाहीस?"

"तू भरतीचं विचारलंस कुठे? दूध किती वाजता ऊतू जाईल, एवढंच विचारत होतास."

घाटमाथा आला. मागच्या सीटवरून, अर्धवट झोपेत ती म्हणाली, "पंधरा पाऊण सव्वाअकरा."

मी ब्रेकच मारला असता. पौर्णिमा, सव्वाअकरा! म्हणजे माझं ११ ते ११.४५ अगदी बरोबर होतं. फक्त एक आठवडा आधी.

पौर्णिमा येत्या रविवारी आहे. शनिवार तिसरा, म्हणजे बँक चालू. सोमवारी गेल्या गेल्या रजेचा अर्ज टाकला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिणार होतो, पण हिशेबाला खोटं चालत नाही, म्हणून सरळ 'उधाण' लिहिलं. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आहे. दार लावून घ्या, म्हणालेत.