नोकरी सांभाळून एम.एड. करू इच्छिणाऱ्या गुरुजनांस

सर्वप्रथम आपले अभिनंदन. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातील दोनशिक्षकी शाळेत क्षीरभाग्य योजनेचे दूध वाटून, दुपारची अंडी मोजून आणि सॅट्सवर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी संगणक प्रणालीवर, माहिती भरून झाली की उरलेला सारा वेळ आपलाच असतो, तो एम.एड.ला द्यावा. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला असून महाविद्यालय आठवड्याला किमान 36 तास चालावे आणि तासांना 80 टक्के हजेरी असावी, असे त्यात म्हटले आहे. आपली शाळाही त्याच वेळेत भरते, ही किरकोळ बाब मनावर घेऊ नये.

परवानगीचा अर्ज कन्नडमध्येच लिहावा.

अर्जाला नेमणुकीचा आदेश आणि सेवापुस्तकाची प्रत जोडावी, आणि मुख्याध्यापकांचा शेरा कागदाच्या मागील बाजूस असल्यास पुढे ठळक अक्षरांत ‘कृपया पान उलटावे’ असे अवश्य लिहावे. माझा अर्ज परवा कार्यालयातून ‘शेरा नाही’ असा शेरा मारून परत आला. शेरा होता, निळ्या शाईत, गोल शिक्क्यासह, पाठीमागे होता, आणि तो पाहण्यासाठी टाचणीसुद्धा काढावी लागत नव्हती. तो अर्ज मी टेबलावर पालथा करून दाखवला, तेव्हा "आता परत पाठवल्याची नोंद झाली, पुन्हा नव्याने द्या," असे उत्तर मिळाले. नव्याने म्हणजे पुन्हा मुख्याध्यापक, पुन्हा सीआरपी (समूह साधनव्यक्ती), पुन्हा आवक क्रमांक. तोवर प्रवेशाची मुदत संपली.

अर्थात परवानगीवाचून कोणाचेच अडत नाही. ठरलेल्या फीवर थोडे अधिक मोजले की काही ठिकाणी हजेरीपट आपोआप भरतो, मार्गदर्शकांचे दर्शन थेट तोंडी परीक्षेच्या दिवशी घडते, आणि लघुशोधप्रबंध तयार मिळतो; त्यात ‘चिक्कोडी’ खोडून ‘निपाणी’ घालण्याएवढे संशोधन मात्र स्वतः करावे लागते.

आता सरळच बोलतो, आधी कार्यालयातल्या साहेबांशी. रजा द्यायची नसेल तर तसे कारणासह लेखी द्या; पण कागद उलटण्याचा कंटाळा आला म्हणून शिक्षकाचे वर्ष वाया घालवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? प्रामाणिकपणे परवानगी मागणारा दारात ताटकळतो आणि न मागणारा पदवी घेऊन येतो, हे तुम्हाला ठाऊक नाही असे समजू नका. आणि गुरुजी, बाई, पैसे देऊन हजेरी विकत घेणारे तुम्ही, आठ दिवस शाळेत न आलेल्या पोराच्या बापाला बोलावून घेता आणि चारचौघांत झापता, तेव्हा तुम्हाला लाज कशी वाटत नाही?